‘तो तर आपलाच माणूस’: मुलांसाठी उपक्रम सुरू करण्याआधीची सुरक्षेची तयारी

आमच्या गटाचा आकाशदर्शनाचा पहिला कार्यक्रम झालाच नाही. दोन दुर्बिणी, लाल जिलेटिन कागद लावलेल्या विजेऱ्या, ताऱ्यांचे नकाशे, सतरंज्या, जादा बॅटऱ्या... सामानाची यादी चोवीस ओळींची होती. ती घेऊन आम्ही ऐटीत शाळेत गेलो. मुख्याध्यापिकाबाईंनी यादीवर नजर टाकली, ती बाजूला ठेवली आणि विचारलं, “मैदानावरचे दिवे बंद करणार म्हणता. मग मध्येच एखाद्या मुलीला बाथरूमला जायचं झालं तर तिच्यासोबत कोण जाणार?” आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. बाईंचा पुढचा प्रश्न तयारच होता. “तुम्ही सहा जण आहात. एकमेकांना किती दिवस ओळखता?” आमच्यातला सहावा मुलगा आदल्याच आठवड्यात आला होता.

बाईंनी परवानगी नाकारली. तेव्हा फार राग आला होता. आता तेच प्रश्न विचारून मी नव्या गटांना हैराण करते.

शाळा, वस्ती, आश्रमशाळा, ग्रंथालय, वृद्धाश्रम अशा ठिकाणी जाऊन विज्ञान, वाचन, गणित, संगणक असं काही शिकवू पाहणाऱ्या लहान गटांसाठी आणि नव्या संस्थांसाठी हे लिहिते आहे. काम महाराष्ट्रातलं, त्यामुळे कायदेही इथलेच. मी वकील नाही. प्रत्यक्ष प्रसंग उभा राहिला तर जाणकार वकिलाला विचाराच, पण त्याची वाट पाहत तक्रार थांबवू नका. ते का, ते पुढे येईल.

१. समोर कोण येणार आहे ते आधी लिहून काढा

कायद्याच्या दृष्टीने १८ वर्षं पूर्ण न झालेली प्रत्येक व्यक्ती म्हणजे बालक. मुलगा, मुलगी दोघंही. हे ऐकायला सोपं वाटतं, पण गोंधळ इथेच होतो. अकरावी-बारावीची मुलं मिशीबिशी फुटलेली, आपल्यापेक्षा उंच असतात. आपले स्वयंसेवक असतात एकोणीस-वीस वर्षांचे. दोघांत मैत्री होते, फोन नंबर दिले जातात, आणि पुढे जे काही घडेल त्यात ‘तिची संमती होती’ या म्हणण्याला पॉक्सो कायद्यात (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) जागा नाही. हे स्वयंसेवकांना पहिल्याच दिवशी, न लाजता, स्पष्ट शब्दांत सांगा.

दुसरा गोंधळ असा, की तुमचा एखादा स्वयंसेवकच सतरा वर्षांचा असतो. मग तो स्वयंसेवक असला तरी बालकच. त्याच्याही पालकांचं संमतीपत्र लागतं, आणि मोठ्यांच्या मोजणीत त्याला धरता येत नाही.

प्रौढांमध्ये कुणाला जास्त जपायचं? अपंग व्यक्ती, वयोवृद्ध, मानसिक आजारातून जाणारे, आणि अक्षरओळख नसल्यामुळे कागदावर काय लिहिलंय ते तुमच्याकडूनच समजून घेणारे. त्यांच्याबाबतीतले नियम थोडे वेगळे आहेत, म्हणून त्यांच्यासाठी वेगळा मुद्दा केला आहे.

२. दोन पानांचं धोरण आणि एक नाव

इंटरनेटवरून चाळीस पानी ‘बाल संरक्षण धोरण’ उतरवून फाइलला लावणारे गट मी पाहिले आहेत. ते कुणी वाचत नाही. दोन पानं पुरतात, फक्त ती तुमच्या उपक्रमाबद्दल असायला हवीत. आम्ही काय करतो, कुठे करतो, त्यात धोका कुठे आहे, वागायचं कसं, काही घडलं तर कुणाला सांगायचं. पॉक्सोच्या २०२० च्या नियमांनुसार राज्य सरकारने बाल संरक्षण धोरण करायचं आणि मुलांसोबत काम करणाऱ्या किंवा त्यांच्या संपर्कात येणाऱ्या सगळ्या संस्थांनी ते स्वीकारायचं अशी तरतूद आहे. तेव्हा ‘आम्ही तर फक्त महिन्यातून दोनदा जातो’ ही सबब फारशी टिकत नाही.

गटातल्या एका व्यक्तीला बालसुरक्षा जबाबदार म्हणून नेमा आणि तिच्या गैरहजेरीत कोण तेही ठरवा. शक्यतो गटाचा संस्थापक ही व्यक्ती नसावी. तक्रार संस्थापकाबद्दलच असली तर?

३. स्वयंसेवक निवडताना

सगळ्यात मोठा सापळा इथेच आहे आणि त्याचं नाव ‘ओळखीचा आहे’. मित्राचा भाऊ, कॉलेजातल्या सरांनी पाठवलेला, देणगीदाराचा मुलगा. ओळखीच्या माणसाला फॉर्म भरायला सांगताना आपल्यालाच कसंतरी होतं. पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं हेच दाखवतात की पॉक्सोच्या ९० टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीचाच असतो. अनोळखी माणसावर तसंही सगळ्यांचं लक्ष असतं. सूट मिळते ती ओळखीच्याला.

म्हणून नियम माणूस पाहून बदलायचा नाही. आमच्या गटात पहिला फॉर्म मी स्वतः भरला. त्यानंतर कुणाला ‘भरा’ म्हणताना जीभ अडखळली नाही.

प्रत्येकाकडून घ्यायचे कागद:

- ओळखपत्राची प्रत आणि पत्त्याचा पुरावा
- पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र (महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरून ऑनलाइन अर्ज करता येतो, वेळ लागतो, उपक्रमाच्या आठवडाभर आधी धावपळ करू नका)
- आपल्यावर मुलांविषयीचा कोणताही गुन्हा वा चौकशी नाही असं सही केलेलं निवेदन
- आचारसंहितेवर सही
- दोन व्यक्तींचे संदर्भ, त्यातली एक तरी नातेवाईक नसलेली

२०२० च्या नियमांत शाळा, पाळणाघरं, क्रीडा अकादमी आणि मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थांनी आपल्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करावी असं म्हटलं आहे, कायम असोत की कंत्राटी. स्वयंसेवक पगारी नसले तरी मुलांच्या दृष्टीने तेही ‘दादा-ताई’च, म्हणून आम्ही त्यांनाही तोच नियम लावतो. पण प्रमाणपत्र आलं म्हणजे काम झालं असं समजू नका. पोलिसांत नोंद झालेली प्रकरणंच त्यात दिसणार, आणि बहुतेक गोष्टी पोलिसांपर्यंत पोचतच नाहीत.

मला जास्त उपयोग झालाय तो संदर्भाच्या फोनचा. संदेश पाठवू नका, फोनच करा. इकडचं तिकडचं बोलून झालं की एकच प्रश्न विचारा: “मुलांसोबतच्या कामाला यांना तुम्ही पुन्हा बोलवाल का?” उत्तरापेक्षा उत्तराआधीचा वेळ ऐका. एकदा पलीकडून बराच वेळ काही आलंच नाही, मग “तसा कामसू आहे हो...” एवढंच. आम्ही त्या मुलाला पोस्टर बनवण्याचं काम दिलं. मुलांमध्ये पाठवलं नाही. कदाचित आम्ही त्याच्यावर अन्याय केला असेल. मला तो पत्करेल.

४. वागण्याचे नियम

मुख्य नियम एका ओळीत सांगता येतो: मोठं माणूस आणि मूल, दोघंच, बंद जागेत कधीही नाहीत. मुलाशी वेगळं बोलायची वेळ आलीच तर दार उघडं ठेवून, दुसऱ्या कुणाला दिसेल पण ऐकू जाणार नाही इतक्या अंतरावर. प्रत्येक खोलीत किमान दोन मोठी माणसं. एक जण ऐनवेळी आला नाही तर वर्ग एकत्र करा, नाहीतर रद्द करा. रद्द करायची तयारी नसेल तर हा नियम नुसता कागदावर राहतो.

स्पर्शाबद्दल बोलताना नवे स्वयंसेवक अवघडतात. उदाहरण देते. दुर्बिणीचं भिंग उंचावर असतं, पहिली-दुसरीतल्या मुलाचा डोळा तिथवर पोचत नाही, आणि मागे चाळीस मुलांची रांग. पटकन काखेत हात घालून उचलणं अगदी सहज होतं. आम्ही एक रुंद, न डगमगणारं लाकडी स्टूल करून घेतलं. मूल स्वतः चढतं, स्वतः बघतं, स्वतः उतरतं. रांगही वेगाने पुढे सरकायला लागली. बऱ्याच ठिकाणी स्पर्श टाळायला उपदेशापेक्षा असं एखादं स्टूल कामी येतं. जिथे हात धरून शिकवावंच लागतं, उदाहरणार्थ कात्री किंवा सोल्डरिंग, तिथे आधी विचारा, “हात धरून दाखवू का?” नाही म्हटलं तर नाही.

बाकीचे नियम थोडक्यात: एकाच मुलाला भेटवस्तू नाही. आपल्या दुचाकीवर, गाडीत एकट्या मुलाला सोडायला जायचं नाही. टोपणनावं, रंग-रूप-जात यावरून थट्टा नाही. ‘हे आपल्या दोघांतच’ असं कोणतंही गुपित मुलाशी ठेवायचं नाही, मग ते चॉकलेटचं का असेना.

मारण्याबद्दल मात्र एक अवघड प्रसंग येतोच. तुमचा प्रयोग चालू असतो, मुलं कलकलाट करतात, आणि वर्गशिक्षक येऊन दोघांना छडी देतात, तेही तुम्हाला मदत म्हणून. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आहे. मुलांसमोर शिक्षकांशी भांडू नका, त्याचा राग नंतर मुलांवरच निघतो. “सर, राहू द्या, आम्ही बघतो” म्हणून मध्ये उभे राहा, आणि त्याच दिवशी मुख्याध्यापकांशी बोला. पुन्हा घडलं तर लेखी द्या. परत बोलावणार नाहीत ही भीती असते. आम्हाला एका शाळेने खरंच परत बोलावलं नाही.

५. शाळेशी आणि पालकांशी कागदोपत्री बोलणं

तोंडी परवानगीवर जाऊ नका. शाळेकडून लेखी परवानगी घ्या आणि त्यात चार गोष्टी स्पष्ट लिहून घ्या: पूर्ण वेळ शाळेचा कोणता शिक्षक हजर असेल, मुलांची जबाबदारी कुठून कुठपर्यंत कुणाची, दुखापत झाली तर कुठे न्यायचं, तक्रार आली तर शाळेत कुणाला सांगायचं. महाराष्ट्रात शाळांमध्ये मुलांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती आणि तक्रारपेटी असणं अपेक्षित आहे. समिती कुणाची आहे, पेटी कुठे आहे, शेवटची कधी उघडली, एवढं विचारा. उत्तरावरून शाळेचा अंदाज येतो. पेटीला कुलूप असतं आणि किल्ली कुणाकडे आहे ते कुणालाच ठाऊक नसतं, असंही पाहिलं आहे.

पालकांच्या संमतीपत्रात असावं: कार्यक्रम काय, किती वाजेपर्यंत, मुलाचे आजार, औषधं, ॲलर्जी, तातडीचे दोन फोन नंबर, मुलाला न्यायला येऊ शकतील अशा दोन व्यक्तींची नावं, आणि फोटोसाठीची संमती वेगळ्या चौकटीत, वेगळ्या सहीसह. सगळ्याला मिळून एकच सही घेतली की पालक फोटोला ‘नाही’ म्हणू शकत नाहीत. वाचता न येणाऱ्या पालकांना संमतीपत्र वाचून दाखवा, आणि वाचून दाखवणाऱ्याचं नाव त्यावर लिहा.

६. कार्यक्रमाच्या दिवशी

हजेरीपट दोन प्रतींत. डोकी मोजायची ती आल्यावर, जागा बदलल्यावर, मधल्या सुटीनंतर आणि जाताना. मोजणारा एकच माणूस ठेवा आणि त्याला दुसरं काम देऊ नका. आमच्याकडे एकदा रात्री बेचाळीसऐवजी एकेचाळीस भरले. पंधरा मिनिटं सगळ्यांच्या पायाखालची जमीन सरकली होती. दुर्बिणीच्या रिकाम्या खोक्याला टेकून एक मुलगा गाढ झोपला होता, अंगावर सतरंजी ओढून. तेव्हापासून झोप आलेल्यांसाठी एक उजेडाची जागा ठेवतो आणि तिथे शिक्षिका बसतात.

बाईंच्या त्या पहिल्या प्रश्नाचं उत्तरही आता तयार असतं. बाथरूमकडे जाणारी वाट आधी दिवसा चालून बघायची. त्या वाटेवरचा दिवा सुरू ठेवायचा, आकाश थोडं कमी दिसलं तरी चालेल. मुलींनी दोघी-तिघींनी मिळून जायचं, सोबत शाळेच्या शिक्षिका किंवा आमच्यातली ताई, आणि तिने दाराबाहेर थांबायचं. पुरुष स्वयंसेवकाने त्या बाजूला फिरकायचं नाही.

मुक्कामी शिबिर असेल तर मुला-मुलींची झोपायची सोय वेगळी, मोठ्यांची त्यांच्यापासून वेगळी पण हाकेच्या अंतरावर, आणि रात्री जागं राहायच्या पाळ्या दोघादोघांच्या. पहिल्या वर्षी मुक्कामी शिबिर घेऊच नका असा माझा सल्ला आहे.

निघताना घाई होते आणि चुका होतात. “मी तिचा काका” म्हणून कुणी आलं आणि संमतीपत्रावर नाव नसेल, तर पालकांना फोन लागेपर्यंत मूल द्यायचं नाही. काका चिडतात. चिडू द्या.

७. फोटो आणि फोन

देणगीदाराला अहवाल हवा असतो, अहवालाला फोटो हवे असतात, आणि फोटोत हसरे चेहरे हवे असतात. इथे संस्थेचं हित आणि मुलाचं हित समोरासमोर येतं हे मान्य करून पुढे जा. चेहरा, पूर्ण नाव आणि शाळेचं नाव या तिन्ही गोष्टी एकत्र कधीच टाकायच्या नाहीत. हात, प्रयोग, पाठमोरी रांग यांचे फोटो पुष्कळ बोलके येतात. पालकांनी हो म्हटलं असलं तरी मुलालाही विचारा. कार्यक्रम चालू असताना ठिकाणासह काही टाकू नका. फोटो संस्थेच्या एकाच फोनवर काढा, स्वयंसेवकांचे फोन पिशवीत राहू द्या. याला सगळ्यात जास्त विरोध होतो, तयार राहा.

व्हॉट्सॲपवर मुलांशी थेट बोलायचं नाही. पालकांचा गट करा, त्यात फक्त संयोजकांना लिहिता येईल अशी सोय ठेवा, आणि मुलाला शंका असेल तर ती पालकांच्या फोनवरून येऊ द्या. इन्स्टाग्रामवर मुलांनी पाठवलेली विनंती स्वीकारायची नाही. ऑनलाइन तास असेल तर दोन मोठी माणसं, खासगी चॅट बंद, आणि तास संपल्यावर मुलं बाहेर पडल्याशिवाय संयोजकाने बाहेर पडायचं नाही.

मुलांची माहिती गूगल फॉर्मवर गोळा करत असाल तर जेवढी लागते तेवढीच मागा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची खातरजमा केलेली संमती घेण्याची तरतूद आहे. आधार क्रमांक मागायचं तुम्हाला काहीच कारण नाही.

८. मूल काही सांगू लागलं तर

कार्यशाळा संपली होती. सातवीतली एक मुलगी भिंगं गोळा करायला थांबली होती. एकेक भिंग कापडाने पुसून डब्यात ठेवत होती, गरजेपेक्षा जास्त वेळ. मग डब्याकडेच बघत म्हणाली, “ताई, एक सांगू? पण कुणाला सांगणार नाही ना?”

मी म्हटलं, “नाही गं, सांग.”

घरी येणाऱ्या एका माणसाबद्दल होतं ते. ऐकून झाल्यावर मला कुणाला तरी सांगावंच लागलं. तसं करणं बरोबर होतं, कायद्याने बंधनकारकही होतं. पण त्या मुलीच्या दृष्टीने मी शब्द देऊन मोडला. पुढे तिला मदत मिळाली, मात्र माझ्याशी ती पुन्हा बोलली नाही.

तेव्हा पहिली गोष्ट: गुप्ततेचं वचन देऊ नका. त्याऐवजी असं काहीतरी म्हणा: “तू सांग, मी नीट ऐकते. तुला सुरक्षित ठेवायला गरज पडली तर मला एक-दोन माणसांना सांगावं लागेल, पण सगळ्यांना नाही. कुणाला सांगतेय ते आधी तुला सांगेन.” काही मुलं एवढ्यावर गप्प होतात. होऊ द्या. ती नंतर येतात.

दुसरं, ऐकताना चेहरा सांभाळा. तुम्हाला बसलेला धक्का मुलाला आपली चूक वाटते.

तिसरं, चौकशी करू नका. “त्याने तुला हात लावला का? कुठे? किती वेळा?” असे प्रश्न विचारले की उत्तर मुलाच्या तोंडी घातलं जातं, आणि पुढे न्यायालयात तेच उकरून काढलं जातं. “मग काय झालं?”, “अजून काही सांगायचंय?” एवढं पुरे. तपास पोलिसांचं काम आहे. मुलाला तीच गोष्ट दुसऱ्या स्वयंसेवकासमोर, मग बाईंसमोर, मग अध्यक्षांसमोर पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका.

चौथं, म्हणायची वाक्यं: “तू सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी काही चूक नाही.” न म्हणायची: “आधी का नाही सांगितलंस?”, “नक्की ना?”, “तो तर किती चांगला माणूस आहे.”

पाचवं, त्याच दिवशी लिहून काढा. तारीख, वेळ, जागा, कोण हजर होतं, आणि मुलाचे शब्द जसेच्या तसे, त्याच्याच बोलीत. मुलाने अवयवासाठी घरातला एखादा शब्द वापरला असेल तर तोच लिहा. आपला अंदाज वेगळ्या ओळीत, ‘मला वाटलं’ असं म्हणून. सही करा, कागद कुलपात ठेवा.

सगळीच मुलं बोलून सांगत नाहीत. अचानक गप्प होणं, घरी जायची वेळ झाली की रेंगाळणं, एखाद्या विशिष्ट माणसाजवळ बसायला नकार. एकट्या लक्षणावरून निष्कर्ष काढू नका, पण वहीत नोंद ठेवा आणि बालसुरक्षा जबाबदार व्यक्तीशी बोला.

आणि सगळंच लैंगिक अत्याचाराबद्दल नसतं. “पुढच्या शिबिराला मी नसेन, माझं लग्न ठरलंय” असं नववीतली मुलगी हसत हसत सांगते, आणि आजूबाजूच्या मैत्रिणीही हसतात. तोही इशाराच. बालविवाह प्रतिबंधक कायद्यानुसार मुलीचं वय १८ आणि मुलाचं २१ पूर्ण असावं लागतं. गावात ग्रामसेवक (आताचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) हा बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतो, आणि बालकांच्या मदतीसाठीच्या १०९८ क्रमांकावर फोन करून लग्न थांबवता येतं.

९. कळवायचं कुठे, कसं

पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे गुन्हा घडल्याचं माहीत असलेल्या किंवा घडण्याची शक्यता वाटणाऱ्या कुणालाही ते स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. पुरावा गोळा करायची जबाबदारी तुमची नाही. सद्‌हेतूने कळवलं तर तुमच्यावर कारवाई होत नाही. न कळवल्यास २१ व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थाप्रमुखाने आपल्या हाताखालच्या व्यक्तीचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड.

इथला नेहमीचा गैरसमज: ‘मी मुख्याध्यापकांना सांगितलं, माझं काम झालं.’ नाही झालं. शाळेला सांगणं वेगळं, पोलिसांना कळवणं वेगळं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचारानंतर बदलापूरला लोक रस्त्यावर आणि रुळांवर उतरले, त्या संतापामागे तक्रार नोंदवायला झालेली दिरंगाई हेही मोठं कारण होतं.

जवळ ठेवायचे क्रमांक:

- १०९८: बालकांसाठी, चोवीस तास, विनामूल्य
- ११२: तातडीची पोलीस मदत
- १८१: महिलांसाठी
- १९३०: सायबर आर्थिक फसवणूक
- १४५६७: ज्येष्ठ नागरिकांसाठी
- स्थानिक पोलीस ठाणं, जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि बाल कल्याण समिती (हे तीन क्रमांक उपक्रमाच्या जागेनुसार बदलतात, प्रत्येक वेळी नव्याने लिहा)

पोलीस ठाण्यात गेल्यावर माहिती लेखी नोंदवून तिला नोंद क्रमांक द्यायचा असतो, आणि ती तुम्हाला वाचून दाखवायची असते. क्रमांक मागून घ्या. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. हे माहीत असेल तर पालकांना धीर देता येतो. पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं असतं.

मुलाची ओळख उघड होईल असं काहीही कुठे लिहू नका. नाव न घेता ‘अमुक गावच्या अमुक शाळेतली सहावीतली’ असं म्हणणंही ओळख सांगण्यासारखंच. आणि कुणाच्या फोनमध्ये मुलाचं आक्षेपार्ह चित्र सापडलं तर ‘पुरावा म्हणून’ स्वतःकडे घेऊ नका, गटावर तर मुळीच टाकू नका. ते बाळगणं आणि पाठवणं हेच गुन्ह्यात मोडू शकतं. लगेच पोलिसांना सांगा.

आरोप आपल्याच स्वयंसेवकावर झाला तर? त्याला त्या क्षणापासून मुलांपासून दूर ठेवा, कारण न सांगता. त्याला बोलावून “खरं सांग” करत बसू नका. अंतर्गत समिती नेमून आधी खातरजमा करू, मग कळवू, हा मार्ग सभ्य वाटतो, पण त्यात वेळ जातो, पुरावा जातो आणि मुलावर दबाव येतो. माफीनामा, समजोता, पालकांना ‘समजावणं’ यातलं काहीही तुमच्या अधिकारात नाही. ‘तो तर आपलाच माणूस’ हे वाक्य इथे हमखास ऐकू येतं.

१०. मोठी माणसं

प्रौढांबाबत मूळ फरक हा की निर्णय त्यांचा. मुलाबाबतीत कायदा तुम्हाला कळवायला लावतो. प्रौढाच्या बाबतीत, जिवाला धोका नसेल तर, आधी त्यांना विचारा: “मी हे कुणाला सांगावं असं तुम्हाला वाटतं का?” अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा सातव्या कलमात सांगतो की अपंग व्यक्तीवर अत्याचार होत असल्याचं वाटलं तर कुणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला माहिती देऊ शकतं.

बोलायचं ते त्या व्यक्तीशी, सोबत आलेल्याशी नाही. “यांना चहा चालतो का?” असं मदतनिसाला विचारलेलं मी ऐकलंय, समोर एम.ए. झालेले अंध गृहस्थ बसलेले असताना. पांढरी काठी, चाकाची खुर्ची, श्रवणयंत्र यांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. अंध व्यक्तीला ओढत नेऊ नका. आपलं कोपर पुढे करा, ती धरेल.

ज्येष्ठांना मोबाइल शिकवायला जाणाऱ्यांसाठी खास सूचना. आजी-आजोबा विश्वासाने फोन हातात देतात, वर पिनही सांगतात. “बाळा, तूच कर.” मदत म्हणून तुम्ही पिन टाकता, पैसे बरोबर जातात, आणि दोन महिन्यांनी त्यांच्या खात्यातून वेगळ्याच कुणी पैसे काढले की संशय तुमच्या स्वयंसेवकांवर. आमचे स्वयंसेवक शिकवताना हात पाठीमागे बांधून उभे राहतात. अक्षरशः. बटण आजी-आजोबांनीच दाबायचं. पिन किंवा ओटीपी टाकायची वेळ आली की स्वयंसेवक पाठ फिरवतो आणि मोठ्याने सांगतो, “मी बघत नाहीये हं.” सुरुवातीला आजी हसतात, मग दुसऱ्यांनाही तसंच करायला सांगतात.

साक्षरता वर्गात येणाऱ्यांच्या बाबतीत कागदांची काळजी घ्या. कुणी घरून कागद आणून “वाच रे” म्हणालं तर वाचून दाखवा, पण सही किंवा अंगठ्याच्या वेळी साक्षीदार होऊ नका. आणि कागदात मालमत्तेचं काही दिसलं तर त्यांना सांगा की सही करण्याआधी तालुक्याच्या विधी सेवा समितीत दाखवा. महिलांना, अपंगांना आणि इतर काही गटांना तिथे मोफत सल्ला मिळतो.

११. कार्यक्रम झाल्यावर

सामान आवरण्याआधी पंधरा मिनिटं सगळ्यांनी गोल बसायचं. प्रश्न तीनच: आज कुठे एकटं मूल आणि एकटं मोठं माणूस दिसलं? कोणता नियम मोडावा लागला? कुणाबद्दल मनात खटकलं? पहिले काही महिने सगळे ‘सगळं छान’ म्हणतात. मग एकदा आमच्यातली सगळ्यांत धाकटी मुलगी म्हणाली, “तुम्हीच दोनदा एकट्या मुलाला घेऊन दुकानात सेल आणायला गेलात.” ती माझ्याबद्दल बोलत होती. वहीत ते माझ्या नावासकट लिहिलं आहे.

ज्यांच्या घरच्यांनी संमती दिली नव्हती त्या मुलांचे फोटो त्याच रात्री काढून टाका, फोनच्या ‘रिसायकल बिन’मधूनही. हजेरीपट आणि संमतीपत्रं कुलपात. पुढच्या शाळेजवळच्या पोलीस ठाण्याचे, बाल कल्याण समितीचे क्रमांक शोधून कोऱ्या पानावर लिहून ठेवा, दुर्बिणीच्या खोक्याच्या झाकणाला आतून चिकटवा. आमचं तिथेच आहे.